इंग्रजीतल्या व्हर्बल फ्रेज: -इंग बघून नाव ठरवू नका, आधी वाक्याचं खरं क्रियापद शोधा

तुमचा प्रश्न मला असा समजला: शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, आता एमपीएससीच्या कम्बाईन परीक्षेची तयारी चालू आहे, जेरंड (नामाचं काम करणारं -इंग), पार्टिसिपल (विशेषणाचं काम करणारं -इंग किंवा तिसरं रूप) आणि इन्फिनिटिव्ह (बहुतेक टुसकट येणारं क्रियापदाचं मूळ रूप) यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की -इंग दिसताच कन्टिन्युअस टेन्स वाटतो, जेरंड का पार्टिसिपल हे अंदाजाने ठरवावं लागतं, आणि वर व्हर्बल फ्रेज, व्हर्ब फ्रेज, फ्रेजल व्हर्ब या तीन नावांचा गोंधळ होतो तो वेगळाच. तुम्ही चुकलेलं एक वाक्यही दिलंय, "हिअरिंग द नॉइज, द चाइल्ड स्लीपिंग इन द नेक्स्ट रूम बिगॅन टु क्राय", आणि यात तुम्ही स्लीपिंगला मुख्य क्रियापद धरलंत.

मी बरीच वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवते, आधी शाळेत आणि आता स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना, आणि हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझ्या मते अडचण व्याख्यांची नाहीच, त्या तुम्हाला येतात. अडचण बघण्याच्या क्रमाची आहे. तुम्ही शब्दाचा शेवट बघून त्याला नाव देताय, आणि इंग्रजीत शेवट तुम्हाला फारसं काही सांगत नाही, कारण एकच -इंग तीन-चार वेगवेगळी कामं करतं. नाव कामावरून ठरतं. आणि काम ओळखायला आपल्याकडे एक चांगलं साधन आहे, आपली मराठी, कारण मराठीत त्या प्रत्येक कामाला वेगळा प्रत्यय आहे. मराठी माध्यमाची मुलं इथे मागे पडतात असं सगळे धरून चालतात, मला उलट वाटतं, या एका टॉपिकमध्ये तुम्ही पुढे आहात, फक्त मराठी वापरायची कुठे आणि बाजूला ठेवायची कुठे ते कळायला हवं.

आधी ती तीन नावं उरकून घेऊ. व्हर्ब फ्रेज म्हणजे वाक्याचं मुख्य क्रियापद त्याच्या सहाय्यकांसकट, जसं "हॅज बीन वर्किंग", "विल बी सेंट". फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आउट असं काहीतरी जोडून झालेलं नवीन अर्थाचं क्रियापद, जसं "गिव्ह अप" म्हणजे सोडून देणं, "पुट ऑफ" म्हणजे पुढे ढकलणं. आणि व्हर्बल फ्रेज म्हणजे क्रियापदापासूनच निघालेला पण वाक्यात क्रियापदाचं काम न करणारा शब्द, त्याच्या मागेपुढे चिकटलेल्या सगळ्या शब्दांसकट. तिन्ही एकाच वाक्यात बघा: "गिव्हिंग अप टी हॅज बीन डिफिकल्ट फॉर माय फादर", चहा सोडणं बाबांना अवघड गेलंय. इथे "गिव्ह अप" हा फ्रेजल व्हर्ब, "गिव्हिंग अप टी" ही व्हर्बल फ्रेज, त्यातही जेरंड फ्रेज, आणि "हॅज बीन" हा वाक्याचा व्हर्ब फ्रेज. म्हणजे ही तीन एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, एक दुसऱ्याच्या पोटात असू शकतं, आणि एवढं कळलं की नावांचा गोंधळ संपतो.

आता खरं काम. पहिली पायरी नेहमी एकच, वाक्याचं मुख्य क्रियापद शोधा, ज्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. आणि ते शोधायचं कसं तर काळ बदलून. वाक्य काल घडलंय असं म्हणा, रोज घडतं असं म्हणा, उद्या घडणार असं म्हणा, आणि कुठला शब्द बदलावा लागतो ते बघा. तुमचंच वाक्य घ्या. रोजचं केलं तर "बिगॅन"चं "बिगिन्स" होईल, उद्याचं केलं तर "विल बिगिन" होईल. "हिअरिंग" तसंच राहिलं, "स्लीपिंग" तसंच राहिलं, "टु क्राय" तसंच राहिलं. जो बदलला तो फायनाइट, जे हलले नाहीत ते सगळे व्हर्बल. बस, एवढ्यात निम्मा प्रश्न सुटला, कारण आता स्लीपिंगला मुख्य क्रियापद म्हणायची सोयच उरली नाही. -इंगच्या आधी ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बी यातलं काहीच नसेल तर ते एकटं -इंग वाक्याचं क्रियापद होऊच शकत नाही हा नियमही धरून ठेवा.

मग दुसरी पायरी, तो तुकडा मराठीत कसा म्हणाल ते बघा, पूर्ण तुकडा, एकटा शब्द नाही. "हिअरिंग द नॉइज" म्हणजे आवाज ऐकून. "स्लीपिंग इन द नेक्स्ट रूम" म्हणजे शेजारच्या खोलीत झोपलेलं. "टु क्राय" म्हणजे रडायला. आवाज ऐकून शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल रडायला लागलं. बघा, इंग्रजीत दोन्हीकडे -इंग, पण मराठीने एकीकडे -ऊन लावलं आणि दुसरीकडे -लेलं लावलं. झोपलेलं कोण, तर मूल, म्हणजे नामाबद्दल माहिती देतंय, विशेषणाचं काम, म्हणजे पार्टिसिपल फ्रेज. "टु क्राय" हे बिगॅनचं ऑब्जेक्ट, काय सुरू केलं तर रडणं, म्हणजे नामाचं काम करणारी इन्फिनिटिव्ह फ्रेज. "हिअरिंग द नॉइज" हीही पार्टिसिपल फ्रेजच, पण त्यात एक भानगड आहे, तिच्याकडे पुढे येते.

मराठीतले हे प्रत्यय तुम्ही शाळेत धातुसाधित म्हणून शिकलेले आहात. धातुसाधित नाम, विशेषण आणि अव्यय आठवतात ना, पोहणं, पोहणारा, पोहून, पोहताना, पोहायला. इंग्रजीतले व्हर्बल्स म्हणजे हेच. जिथे मराठीत -णं येतं आणि त्याला तुम्ही विभक्ती लावू शकता, पोहण्याने, पोहण्याचा, पोहण्यात, तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा जेरंड असतो. "स्विमिंग कीप्स यू फिट", पोहणं. "ही इज फॉन्ड ऑफ स्विमिंग", पोहण्याची आवड. प्रेपोझिशननंतर क्रियापदाचं रूप आलं की ते -इंगच असतं आणि ते जेरंड असतं, मराठीतही तिथे नेहमी विभक्ती किंवा शब्दयोगी लागतो, जाण्याआधी, खाल्ल्याशिवाय, बोलण्याबद्दल. जिथे मराठीत -णारा, -लेला, -त असलेला येतं आणि पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, पोहणारा मुलगा, पोहणारी मुलगी, तिथे पार्टिसिपल. जिथे -त, -ताना, -ऊन येतं तिथेही पार्टिसिपल, "ही केम रनिंग", धावत आला.

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी "इज"नंतरच्या -इंगची आहे. "माय ब्रदर इज कलेक्टिंग कॉइन्स" आणि "माय हॉबी इज कलेक्टिंग कॉइन्स", दोन्हीकडे तेच तीन शब्द. पहिलं मराठीत म्हणा, भाऊ नाणी जमवतोय. दुसरं तसंच म्हणून बघा, छंद नाणी जमवतोय. जमतच नाही, छंद काही नाणी जमवत नाही, माझा छंद नाणी जमवणं हा आहे. म्हणून पहिल्यात "इज कलेक्टिंग" हे मिळून कन्टिन्युअस क्रियापद, दुसऱ्यात क्रियापद फक्त "इज" आणि "कलेक्टिंग कॉइन्स" ही जेरंड फ्रेज. सब्जेक्ट ती क्रिया स्वतः करू शकतो का, हा एकच प्रश्न विचारायचा.

तुमच्यासारखीच दुसरी अडचण, जी तुम्ही विचारली नाही पण येणार आहे, ती क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाची. "द लेटर पोस्टेड इन मुंबई रीच्ड अस यस्टरडे." मुलं पोस्टेड दिसलं की तिथेच थांबतात, भूतकाळ, झालं क्रियापद, आणि मग रीच्ड आल्यावर गडबडतात की एका वाक्यात दोन क्रियापदं कशी. इंग्रजीत दुसरं आणि तिसरं रूप बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. मराठीत कळतो. पत्र टाकलं आणि टाकलेलं पत्र. एका -लेलं ने सगळा उलगडा, मुंबईत टाकलेलं पत्र काल आम्हाला पोचलं. तसंच पत्र काही स्वतःला टाकत नाही, त्याला कुणीतरी टाकलंय, आणि टाकणारा कोण हे सांगितलेलंच नाही, तेव्हा टाकलेलं हे वर्णन झालं. जिथे नामावर क्रिया झालीय तिथे तिसरं रूप, जिथे नाम स्वतः क्रिया करतंय तिथे -इंग. बोर्ड आणि बोरिंगमधला फरकही हाच, तास कंटाळवाणा असतो म्हणून बोरिंग, आपण कंटाळलेले असतो म्हणून बोर्ड. "आय ॲम बोरिंग" म्हटलं तर मी लोकांना कंटाळा आणते असा अर्थ होतो.

फ्रेज कुठपर्यंत पसरलीय हेही बघायला शिका, कारण पेपरात अधोरेखित तुकडा देतात किंवा सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंटमध्ये इथेच अडकवतात. व्हर्बल क्रियापदाचं काम करत नसला तरी क्रियापदाचा स्वभाव सोडत नाही, त्याला ऑब्जेक्ट लागतं, क्रियाविशेषण लागतं, कुठे कधी कसं सगळं लागतं. "रीडिंग ओल्ड लेटर्स ॲट नाइट मेक्स हर सॅड." रात्री जुनी पत्रं वाचणं, एवढा सगळा मिळून एक सब्जेक्ट, आणि तो एकवचनी, म्हणून "मेक्स". मुलांना क्रियापदाच्या जवळ "लेटर्स" दिसतं म्हणून ती "मेक" लिहितात. मराठीत विचारा, वाईट कशामुळे वाटतं, पत्रांमुळे का वाचण्यामुळे. वाचण्यामुळे, एक गोष्ट, एकवचन. आणि जर त्याच वाक्यात आधी "द" आणि नंतर "ऑफ" आलं, "द रीडिंग ऑफ ओल्ड लेटर्स", तर क्रियापदाचा स्वभाव गेला, त्याला आता थेट ऑब्जेक्ट घेता येत नाही म्हणून ऑफ लागतो, जुन्या पुस्तकांत याला व्हर्बल नाउन म्हणतात. परीक्षेत हे क्वचित येतं, पण आलं तर द आणि ऑफची जोडी बघायची.

जेरंडच्या आधी मालक कोण, हेही मराठीशी इतकं जुळतं की मला शिकवताना दर वेळी छान वाटतं. "हिज कमिंग लेट अनॉइड द टीचर." त्याचं उशिरा येणं. मराठीत आपण "तो उशिरा येणं" असं म्हणतच नाही, त्याचं येणं, तिचं बोलणं, तुमचं जाणं. इंग्रजी बोलताना लोक "हिम कमिंग लेट" सर्रास म्हणतात आणि बोलण्यात ते चालतं, पण परीक्षेत पर्याय असेल तर "हिज" निवडा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: काळ बदलून फायनाइट क्रियापद काढा, उरलेले तुकडे मराठीत म्हणा, -णं आलं तर जेरंड, वर्णन करणारं -णारा किंवा -लेला आलं तर पार्टिसिपल, आणि टु असेल तर बहुतेक इन्फिनिटिव्ह. बहुतेक म्हटलं, कारण टुची गोष्ट वेगळी आहे.

टु दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हचा टु, त्याच्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं. दुसरा प्रेपोझिशनचा टु, त्याच्यापुढे नाम येतं आणि क्रियापद आणायचं असेल तर -इंग लावून नाम करूनच आणावं लागतं. ओळखायचं कसं, तर टुनंतर क्रियापद काढून तिथे एखादं साधं नाम ठेवून बघा. "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज", चाललं, म्हणजे हा प्रेपोझिशन, म्हणून "लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू". आपण ऑफिसच्या मेलमध्ये "लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू" लिहितो ते चूक आहे. "आय वॉन्ट टु द हॉलिडेज", चालत नाही, म्हणजे हा इन्फिनिटिव्हचा, म्हणून "वॉन्ट टु मीट". "यूज्ड टु"चं पण असंच. "ही इज यूज्ड टु लिव्हिंग अलोन", त्याला एकटं राहायची सवय आहे, इथे टुनंतर "नॉइज" ठेवून बघा, चालेल. "ही यूज्ड टु लिव्ह अलोन", तो पूर्वी एकटा राहायचा, इथे चालणार नाही. "ऑब्जेक्ट टु", "अ‍ॅडिक्टेड टु", "विथ अ व्ह्यू टु" या सगळ्यांत प्रेपोझिशनचाच टु आहे.

इन्फिनिटिव्ह स्वतः तीनही कामं करतो. "टु क्लाइंब सिंहगड इन द रेन नीड्स केअर", पावसात सिंहगड चढणं, नामाचं काम. "आय हॅव टू लेटर्स टु राइट", लिहायची दोन पत्रं, विशेषणाचं काम. "शी वेंट टु पुणे टु स्टडी लॉ", कायदा शिकायला, हेतू सांगतोय, क्रियाविशेषणाचं काम. त्यात पहिल्या टुनंतर पुणे हे नाम आहे म्हणून तो प्रेपोझिशन हे लक्षात आलं असेल. आणि काही ठिकाणी टु दिसतच नाही तरी इन्फिनिटिव्ह असतो, लेट, मेक, सी, हिअर यांच्यानंतर, "द टीचर मेड हिम राइट इट अगेन". तेच वाक्य पॅसिव्ह केलं की टु परत येतो, "ही वॉज मेड टु राइट इट अगेन", आणि ट्रान्सफॉर्मेशनच्या प्रश्नात नेमका हाच टु विसरतो.

आता मराठी कुठे साथ सोडते ते सांगते, कारण आंधळेपणाने वापरलीत तर नवीन चुका होतील.

पहिली जागा म्हणजे कुठल्या क्रियापदानंतर जेरंड आणि कुठल्यानंतर इन्फिनिटिव्ह. मराठीत "मला पोहायला आवडतं", "त्याने पोहायचं टाळलं", "तिने पोहायचं ठरवलं", सगळीकडे -ायला, -ायचं. त्यामुळे मुलं सगळीकडे टु लावतात आणि "आय एन्जॉय टु स्विम" लिहितात. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, डिनाय, पोस्टपोन यांच्यानंतर -इंगच येतं. वॉन्ट, डिसाइड, होप, प्रॉमिस, रिफ्यूज, अ‍ॅग्री यांच्यानंतर टु येतो. इथे पाठांतराला पर्याय नाही, पण एक कल दिसतो, टुवाली बरीच क्रियापदं पुढे करायच्या गोष्टीकडे बघतात, ठरवणं, आशा करणं, वचन देणं, आणि -इंगवाली बरीचशी घडून गेलेल्या किंवा चालू गोष्टीशी जोडलेली असतात, संपवणं, नाकारणं, मजा घेणं. कल आहे, नियम नाही, पोस्टपोन आणि सजेस्ट लगेच तो मोडतात. हाच कल रिमेंबर आणि फर्गेटमध्ये मात्र स्वच्छ दिसतो आणि तिथे मराठी परत मदतीला येते. "आय रिमेंबर लॉकिंग द डोअर", कुलूप लावल्याचं आठवतंय. "रिमेंबर टु लॉक द डोअर", कुलूप लावायचं लक्षात ठेव. -ल्याचं म्हणजे झालेलं, -ायचं म्हणजे व्हायचं. स्टॉपचंही तसंच, "ही स्टॉप्ड टॉकिंग" म्हणजे बोलायचं थांबला, "ही स्टॉप्ड टु टॉक" म्हणजे चालता चालता बोलायला थांबला.

दुसरी जागा -ऊन. मराठीत "घरी जाऊन जेवला" यात आधी गेला मग जेवला, आणि "ओरडून सांगितलं" यात ओरडणं आणि सांगणं एकत्रच. दोन्हीला आपण -ऊन वापरतो. इंग्रजीत साधं -इंग बहुतेक वेळा एकत्र घडणारी किंवा लगेच पाठोपाठ घडणारी क्रिया दाखवतं. म्हणून "गोइंग होम, ही एट डिनर" म्हटलं तर जाता जाता जेवला असं वाटतं. आधी एक पूर्ण झालं मग दुसरं, असं असेल तर "हॅविंग" आणि तिसरं रूप, "हॅविंग फिनिश्ड द वर्क, शी वेंट होम". किंवा सरळ अँड वापरा, "ही वेंट होम अँड एट डिनर", रोजच्या इंग्रजीत तेच जास्त नैसर्गिक आहे.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच चूक एरर स्पॉटिंगमध्ये सारखी विचारतात. "रस्त्याने जाताना साप दिसला." मराठीत हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. आता मुलं ते इंग्रजीत करतात, "गोइंग अलाँग द रोड, अ स्नेक वॉज सीन", आणि याचा अर्थ होतो की रस्त्याने साप चालला होता. इंग्रजीत सुरुवातीच्या पार्टिसिपल फ्रेजचा कर्ता आणि पुढच्या वाक्याचा सब्जेक्ट एकच असावा लागतो, नाहीतर ती फ्रेज लोंबकळत राहते, त्यालाच डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. मराठीत -ताना ला हे बंधन नाही, "मी जेवताना फोन आला" आपण बिनधास्त म्हणतो, जेवणारी मी, येणारा फोन. शिवाय आपल्याकडे मला दिसला, मला आवडला, मला आठवलं, मला मिळालं अशी वाक्यं भरपूर, ज्यात अनुभव घेणारी मी असते पण व्याकरणातला कर्ता ती दुसरी वस्तू असते, म्हणून आपल्या हातून ही चूक जास्त होते, त्यात हुशारीचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे -ऊन ला मराठीतही कर्ता सारखा लागतो. "मी जेवून फोन आला" कुणी म्हणत नाही, आपण "जेवल्यावर" म्हणतो. "त्याला जाऊन दोन वर्षं झाली" असे काही प्रयोग सोडले तर -ऊन एका कर्त्यावरच चालतं. म्हणून माझ्या वर्गात मी सांगते, इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला पार्टिसिपल आलं की ते -ताना ने तपासू नका, -ऊन सारखं कडक धरा. कॉमानंतरचा पहिला माणूस किंवा वस्तू ती क्रिया करतेय का, एवढं बघा. "गोइंग अलाँग द रोड, आय सॉ अ स्नेक" बरोबर. किंवा "व्हाइल आय वॉज गोइंग अलाँग द रोड" असं पूर्ण करून टाका, मग पुढे काहीही सब्जेक्ट आणा.

आता मघाशी बाजूला ठेवलेली भानगड. "हिअरिंग द नॉइज" हे मराठीत आवाज ऐकून, म्हणजे अव्ययाचं काम, का रडलं तर आवाज ऐकून. मग इंग्रजीत ती ॲडव्हर्बची फ्रेज का म्हणत नाहीत? उत्तर कुठलं व्याकरण धरताय त्यावर आहे. शाळेत आणि आपल्या परीक्षांत जी चौकट चालते, रेन अँड मार्टिनसारख्या पुस्तकांची, त्यात पार्टिसिपल हे विशेषण मानतात, म्हणून ऐकणारं कोण, तर मूल, म्हणजे ती "द चाइल्ड"बद्दल सांगते असं धरतात. अलीकडची व्याकरणं अशा फ्रेजला सरळ क्रियाविशेषणाचं काम देतात. 2002 साली हडलस्टन आणि पुलम यांचं केम्ब्रिजचं मोठं व्याकरण आलं, त्यात तर जेरंड आणि प्रेझेंट (म्हणजे -इंगवालं) पार्टिसिपल हा भेदच काढून टाकलाय, दोन्हीला मिळून एकच नाव दिलंय, कारण इंग्रजीत आज रूप एकच आहे आणि काही वाक्यांत कुठलं म्हणावं याचा निर्णय खरोखरच होत नाही. म्हणजे तुम्हाला एखाद्या वाक्यात ठरवता आलं नाही तर दर वेळी दोष तुमचाच असतो असं नाही. पण परीक्षेत उत्तर शालेय चौकटीतलं द्यायचं, तिथे वाद घालून मार्क मिळत नाहीत.

हा गोंधळ इंग्रजीत आला कुठून हेही सांगते, कारण मला स्वतःला हे कळल्यावर हा टॉपिक शिकवायला जास्त आवडायला लागला. साधारण 1100 सालाच्या आधीच्या जुन्या इंग्रजीत ही दोन रूपं वेगळी होती. विशेषणाच्या कामाला -एंडे लागायचं, सिंगेंडे म्हणजे गाणारा, आणि नामाच्या कामाला -उंग किंवा -इंग लागायचं, लेओर्नुंग म्हणजे शिकणं. अगदी आपल्या -णारा आणि -णं सारखं. पुढच्या काही शतकांत उच्चार घासत गेले आणि दोन्ही येऊन -इंगवर मिळाली. म्हणजे जे वेगळेपण इंग्रजीने गमावलं ते मराठीने जपलंय, आणि म्हणून मराठीत म्हणून बघायची ही पद्धत नुसती परीक्षेची युक्ती नाही, तिला पाया आहे.

एक छोटी पण विचारली जाणारी गोष्ट, "स्लीपिंग चाइल्ड" आणि "स्लीपिंग बॅग". झोपलेलं मूल, पण झोपलेली पिशवी नाही, झोपण्यासाठीची पिशवी. "-साठी" आलं की जेरंड, "-णारा" किंवा "-लेला" आलं की पार्टिसिपल. वॉकिंग स्टिक, स्विमिंग पूल, वॉशिंग पावडर सगळे -साठीवाले. "रनिंग वॉटर" वाहणारं पाणी, पण "ड्रिंकिंग वॉटर" पिण्याचं पाणी.

सरावाचं म्हणाल तर माझा सल्ला असा की सुरुवातीला ऑब्जेक्टिव्हचे संच सोडवू नका, त्यात तुकडा आधीच अधोरेखित केलेला असतो त्यामुळे शोधायची सवय लागत नाही. कुठल्याही इंग्रजी पेपरचं संपादकीय घ्या, एक परिच्छेद, आणि फक्त फायनाइट क्रियापदांखाली रेघ ओढा, दुसरं काही करू नका. पहिले काही दिवस एवढंच. ते हाताला बसलं की उरलेल्या -इंग, टु आणि तिसऱ्या रूपांभोवती गोल करा, फ्रेज जिथे संपते तिथपर्यंत, आणि बाजूला मराठीत तो तुकडा लिहा. नाव सगळ्यात शेवटी. क्रियापदांच्या याद्या मात्र रोज थोड्या, आणि नुसते शब्द पाठ करू नका, "एन्जॉय स्विमिंग", "डिसाइड टु गो" असा पूर्ण जोड पाठ करा म्हणजे लिहिताना तोंडात तोच येतो.

अजून कुठलं वाक्य अडलं असेल तर टाका, पण अर्धं टाकू नका, आधीच्या आणि नंतरच्या वाक्यासकट टाका, आणि तुम्ही फायनाइट क्रियापद कुठलं धरलंत तेही लिहा, म्हणजे चूक नेमकी कुठल्या पायरीवर होतेय ते मला बघता येईल.